पोलिसांचा पैसा येतो कोठून आणि ठाण्यापर्यंत पोहोचतो किती?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचा अनुभव थोडक्यात असा आहे. घरफोडीची फिर्याद देण्यासाठी ते पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा त्यांना झेरॉक्स बाहेरून काढून आणायला सांगण्यात आले. पुढे संशयित आरोपी परराज्यात असल्याचे कळल्यावर ‘गाडीची काही व्यवस्था होते का बघा’ असे सुचवण्यात आले. त्यावर त्यांचे तीन प्रश्न आहेत: पोलिसांना पैसा मिळतो कोठून, चौकाचौकांत वसूल होणारा दंड त्यांच्याच तिजोरीत जातो का, आणि दरवर्षी हजारो कोटींच्या तरतुदी जाहीर होत असताना ठाण्यात साधा कागद का नसतो. मी लेखा सेवेतून निवृत्त झालो असून नोकरीतील बरीच वर्षे पोलीस अधीक्षक कार्यालयांच्या आणि एका आयुक्तालयाच्या लेखा शाखेत गेली. त्यामुळे हे उत्तर महाराष्ट्रापुरते आणि हिशेबाच्या बाजूने देत आहे.

दंडाचा प्रश्न आधी निकाली काढतो, कारण त्याविषयीचा गैरसमज सर्वांत जुना आहे. ई-चलानने किंवा रोखीने वसूल झालेली वाहतुकीच्या दंडाची रक्कम पोलीस दलाच्या खात्यात जमा होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २६६ प्रमाणे शासनाला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तेथून एक रुपयाही विधिमंडळाने संमत केलेल्या विनियोजनाशिवाय (खर्चाच्या मंजुरीशिवाय) बाहेर काढता येत नाही. वाहतूक शाखेने या महिन्यात दुप्पट दंड वसूल केला म्हणून पुढच्या महिन्यात तिला दुप्पट डिझेल मिळेल, अशी कोणतीही तरतूद नाही. वसुलीची उद्दिष्टे दिली जातात हे खरे आहे आणि त्यावर टीकाही व्हायला हवी, परंतु ती उद्दिष्टे पोलिसांचा पगार काढण्यासाठी असतात ही समजूत चुकीची आहे.

‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे दोन्ही विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत पहिल्या दोन क्रमांकांवर आहेत. म्हणून राज्याच्या पोलीस दलाचा खर्च मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून होतो. महानगरपालिका किंवा जिल्हा परिषद त्यात कायद्याने बांधलेला वाटा उचलत नाही. (दिल्ली हा अपवाद आहे. तेथील पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्याने त्यांचा खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पातून होतो. म्हणून दिल्ली आणि मुंबईच्या आकड्यांची थेट तुलना करणाऱ्या बातम्या जपून वाचाव्यात.) महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात हा खर्च गृह विभागाच्या ‘बी-१, पोलीस प्रशासन’ या मागणीखाली (विधिमंडळाकडून मंजूर करून घ्यायच्या खर्चाच्या गटाखाली) सापडतो आणि त्याचे प्रधान शीर्ष, म्हणजे हिशेबातील मुख्य खाते, आहे २०५५. त्याच्या पोटात जिल्हा पोलीस, विशेष पोलीस, गुन्हे अन्वेषण, रेल्वे पोलीस, ग्राम पोलीस, बिनतारी यंत्रणा व संगणक, आधुनिकीकरण, न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञान अशी गौण शीर्षे, म्हणजे उपखाती, असतात. देशभरातील राज्यांचा विचार केला, तर एकूण खर्चापैकी सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास रक्कम पोलिसांवर खर्च होते.

या रकमेचे पुढे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय कागदाच्या रिमाचे कोडे सुटत नाही. पोलीस दलाचे अंदाजपत्रक म्हणजे प्रामुख्याने पगारपत्रक आहे. शंभर रुपयांतील ऐंशीहून अधिक रुपये वेतन आणि भत्त्यांतच जातात. दोन लाखांच्या घरातील मनुष्यबळ असलेल्या दलात हे अपरिहार्यच आहे. सातव्या वेतन आयोगानुसार पोलीस शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे, तिच्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि इतर किरकोळ भत्ते येतात. गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त भागात दीडपट वेतन दिले जाते. महागाई भत्त्याचा एक हप्ता जाहीर झाला की एकही नवे पद निर्माण न होता वेतनाचे शीर्ष फुगते, आणि वर्तमानपत्रात ‘पोलिसांच्या तरतुदीत भरघोस वाढ’ असा मथळा येतो. त्या वाढीतून ठाण्याला एक टाचणीसुद्धा मिळालेली नसते.

यात एक विचित्र गोष्ट अशी की रिक्त पदे हिशेबाला सोयीची ठरतात. मंजूर आकृतिबंधापेक्षा (ठरवून दिलेल्या पदसंख्येपेक्षा) प्रत्यक्ष भरलेली पदे कमी असली की वेतनात ‘बचत’ दिसते आणि वर्षअखेरीस ती समर्पित केली जाते, म्हणजे शासनाला परत दिली जाते, किंवा पुनर्विनियोजनाने इतरत्र वळवली जाते. मनुष्यबळाची तूट इतकी वाढते की ती भागवण्यासाठी दुसऱ्या शीर्षातून खर्च करावा लागतो. २०२३ मध्ये मुंबई पोलीस दलासाठी महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० जवान कंत्राटी पद्धतीने घेण्याचा निर्णय झाला, तो याच तुटीमुळे. बंदोबस्ताच्या काळात गृहरक्षक दलाचे जवान बोलावले जातात, त्यांचा खर्च तर २०५५ मध्ये नसून २०७० या वेगळ्या प्रधान शीर्षात पडतो. म्हणजे माणूस पोलिसांच्या शेजारी उभा असतो, पण पोलिसांच्या खर्चात दिसत नाही.

अशीच आणखी दोन मोठी ओझी २०५५ च्या बाहेर आहेत. निवृत्त पोलिसांचे निवृत्तिवेतन २०७१ या शीर्षातून जाते. इमारतींच्या बांधकामाचा भांडवली खर्च ४०५५ मधून होतो, तर निवासस्थानांचा खर्च गृहनिर्माणाच्या शीर्षांतून होतो आणि तो प्रत्यक्षात बराचसा १९७४ मध्ये स्थापन झालेल्या पोलीस गृहनिर्माण व कल्याण महामंडळामार्फत केला जातो. बांधकामासाठी हुडकोसारख्या, गृहनिर्माणाला कर्ज देणाऱ्या संस्थांचे कर्ज घेतले गेले असेल, तर त्याची परतफेड पुढील कित्येक वर्षे चालते. म्हणून ‘पोलिसांवर राज्य किती खर्च करते’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

वेतन वजा केल्यावर जे उरते, त्यातून दल चालते. ही उरलेली रक्कमही एका पिशवीत येत नाही. ती उद्दिष्टवार, म्हणजे खर्चाच्या प्रकारानुसार, येते: दूरध्वनी, वीज व पाणी वेगळे, प्रवास खर्च वेगळा, कार्यालयीन खर्च वेगळा, भाडेपट्टी व कर वेगळे, पेट्रोल, तेल व वंगण वेगळे, मोटार वाहने आणि यंत्रसामग्री वेगळी. एका उद्दिष्टातील पैसा दुसऱ्याला परस्पर वापरता येत नाही. विजेच्या शीर्षात तीन लाख पडून असताना डिझेलच्या शीर्षात शून्य असू शकते, आणि त्या स्थितीत अधीक्षकांनाही वरून मंजुरी आल्याशिवाय काही करता येत नाही. सामान्य माणसाला हा आडमुठेपणा वाटतो. मी मात्र त्याचा निम्मा समर्थक आहे. हे कुंपण काढले, तर पहिला बळी वीजबिलाचा नव्हे, प्रवास भत्त्याचा जाईल, आणि तो भत्ता शिपायाचा असतो.

वर्षभराचे चक्र असे फिरते. जिल्ह्यातून पुढील वर्षाचे अंदाज पावसाळ्याच्या अखेरीस पोलीस महासंचालक कार्यालयाकडे जातात, तेथून गृह विभागाकडे आणि मग वित्त विभागाकडे. मागणीला प्रत्येक टप्प्यावर कात्री लागते. वेतनाला हात लावता येत नसल्यामुळे ती नेमकी कार्यालयीन खर्च, इंधन, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांना लागते. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला, तरी सर्व रक्कम एप्रिलमध्ये हाती येत नाही. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने ठरावीक टक्केवारी खुली करतो आणि ती बीम्स या ऑनलाइन वितरण प्रणालीवर दिसू लागते. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या वाढीव रकमा) होतात, पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावरून केलेले आठमाही सुधारित अंदाज जातात, आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर नवीन खरेदीच्या प्रस्तावांवर निर्बंध घालणारे परिपत्रक बहुधा ठरलेलेच असते. त्यानंतर शेवटच्या आठवड्यात अचानक निधी येतो. ३१ मार्चच्या रात्री कोषागाराच्या दारात बिले घेऊन उभ्या असलेल्या लिपिकांच्या रांगेत मी अनेक वर्षे काढली आहेत. त्या रात्री खरेदी होते ती जे हवे त्याची नव्हे, जे त्या शीर्षात बसते आणि वेळेत मिळते त्याची.

आता ठाण्याकडे येतो. शासकीय हिशेबात पैसा काढण्याचा अधिकार आहरण व संवितरण अधिकाऱ्याला असतो. जिल्ह्यात हा अधिकार सर्वसाधारणपणे अधीक्षक कार्यालयाच्या पातळीवर असतो. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी आहरण अधिकारी नसतो. ज्या ठिकाणी गुन्हा नोंदवला जातो, आरोपी ठेवला जातो, पंचनामा होतो आणि बेवारस मृतदेहाची विल्हेवाट लावावी लागते, नेमक्या त्या ठिकाणाला स्वतःचे अंदाजपत्रक नाही. ठाण्याला मिळते ती वस्तूंच्या रूपातील मदत: मुख्यालयातून येणारी लेखनसामग्री, मोटार परिवहन विभागाने ठरवून दिलेला इंधनाचा कोटा, दुरुस्तीसाठी कार्यशाळेत जाणारी गाडी. किरकोळ खर्चासाठी कोठे स्थायी अग्रिम (कायम हाताशी ठेवायची आगाऊ रक्कम) असलाच, तर त्याची रक्कम इतकी तोकडी असते की महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच ती संपते. बाकीचा खर्च अधिकाऱ्याने आधी खिशातून करायचा आणि नंतर बिल सादर करायचे, अशी अपेक्षा असते.

परराज्यात आरोपी आणायला जाणाऱ्या पथकाचे उदाहरण घेऊ. एक अधिकारी आणि तीन कर्मचारी चार दिवस बाहेर राहतात. प्रवासाचे, मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे त्यांना आधी मिळाले पाहिजेत, आणि प्रवासासाठी अग्रिम घेण्याची तरतूद नियमांत आहे. पण गुन्ह्याचा धागा रात्री अकराला लागतो आणि कोषागार सकाळी उघडते. मग हे पथक स्वतःच्या पैशाने निघते, परत आल्यावर प्रवास देयक सादर करते, आणि प्रवास खर्चाचे शीर्ष रिकामे असल्यास ते देयक सहा-सहा महिने पडून राहते. एका जिल्ह्यात मी दोन वर्षांपूर्वीच्या आषाढी वारीच्या बंदोबस्ताची देयके काढून दिली होती. तोवर त्यांतील दोन कर्मचारी निवृत्त झाले होते. या रिकाम्या जागेत फिर्यादीची गाडी शिरते. प्रामाणिक अधिकारी पदरमोड करतो, कमी प्रामाणिक अधिकारी फिर्यादीला सुचवतो, आणि त्याहून पुढचा त्याच सबबीवर स्वतःची सोय करून घेतो. पहिल्या आणि तिसऱ्या अधिकाऱ्याच्या खर्चाच्या कागदात काहीच फरक दिसत नाही, कारण दोघांचाही कागदच नसतो. निधीची चणचण हे भ्रष्टाचाराचे समर्थन नव्हे, परंतु ती त्याला उत्तम आडोसा देते.

इंधनाविषयी एक गंमत सांगतो, जी त्या वेळी गंमत वाटली नव्हती. अनेक जिल्ह्यांत पोलीस कल्याण निधीतून पेट्रोल पंप चालवला जातो. हा निधी शासनाचा नव्हे. त्यात कर्मचाऱ्यांची वर्गणी असते आणि पंप, सभागृह, लॉन यांसारख्या उपक्रमांचे उत्पन्न असते. अशा एका पंपावरून सरकारी गाड्या उधारीवर डिझेल भरत आणि शासकीय शीर्षात निधी येईपर्यंत ती उधारी साचत जाई. म्हणजे शिपायाच्या कल्याणासाठी जमलेला पैसा शासनाला बिनव्याजी वापरायला मिळत होता, आणि उधारी जास्त तुंबली की कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या लांबत होत्या. लेखापरीक्षणात यावर शेरा आला. पुढच्या वर्षीही तो तसाच आला.

केंद्राचा पैसा हा दुसरा प्रवाह आहे आणि त्याच्याविषयी बातम्या जास्त येतात, पण त्याचा आकार लहान असतो. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची योजना १९६९-७० पासून चालू आहे. २०२१-२६ या काळासाठी केंद्राने मंजूर केलेल्या २६,२७५ कोटींच्या एकत्रित योजनेत राज्यांच्या आधुनिकीकरणाचा भाग ४,८४६ कोटींचा होता; तोही सर्व राज्यांसाठी आणि पाच वर्षांसाठी. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचे प्रमाण ६०:४० आहे. शस्त्रे, दळणवळण, न्यायसहायक प्रयोगशाळांची उपकरणे यांसाठी हा पैसा उपयोगी पडतो. मात्र राज्याने आपला हिस्सा वेळेवर टाकला नाही किंवा मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामासाठी खर्च झाल्याचा दाखला) दिले नाही, की पुढचा हप्ता अडकतो. खरेदीची प्रक्रिया तर वर्षाहून लांबते, त्यामुळे न वापरलेला निधी आणि नसलेली साधने ही दोन्ही दृश्ये एकाच कार्यालयात एकाच वेळी पाहायला मिळतात.

गडचिरोली आणि गोंदियासाठी सुरक्षाविषयक खर्चाची प्रतिपूर्ती हा वेगळा मार्ग आहे. मोहिमांसाठी लागणारा खर्च, शहिदांच्या कुटुंबांना द्यायचे सानुग्रह अनुदान, आत्मसमर्पितांचे पुनर्वसन असे ठरावीक खर्च राज्य आधी स्वतः करते आणि नंतर केंद्राकडे दावा करते. दाव्यासोबतचे एखादे प्रमाणक (खर्चाची पावती) हरवले, तर तेवढी रक्कम नाकारली जाते. जंगलातल्या मदत केंद्रात पावसाळ्यात पावत्या कोरड्या ठेवणे हेही त्या जिल्ह्यात लेखा शाखेचे काम असते. रेल्वे पोलिसांच्या बाबतीत तर खर्च राज्य आणि रेल्वे निम्मानिम्मा सोसतात, आणि कोणत्या पदाला रेल्वेची संमती होती यावरचा पत्रव्यवहार कधीच संपत नाही.

पोलिसांची स्वतःची म्हणावी अशी मिळकत थोडी आहे. बँका, खासगी कार्यक्रम, चित्रीकरण, क्रिकेटचे सामने यांना दिलेल्या बंदोबस्ताचे शुल्क आकारता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये अर्जदाराच्या खर्चाने अतिरिक्त पोलीस देण्याची तरतूद आहे. पारपत्र (पासपोर्ट) पडताळणीच्या अहवालांसाठीही केंद्राकडून ठरावीक रक्कम मिळते. हे सारे शेवटी राज्याच्या तिजोरीतच जाते, तरी ते वसूल व्हायला हवे. क्रिकेट सामन्यांच्या शुल्काचे दर २०२३ मध्ये कमी करण्यात आले आणि ती कपात २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली गेली. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. माझ्या मते पुढील दर कमी करणे हा धोरणाचा प्रश्न असू शकतो. थकीत रक्कमच मागे जाऊन आटवणे हे कोणत्याही लेखाधिकाऱ्याला रुचणार नाही.

जिल्हा नियोजन समितीकडून मिळणाऱ्या निधीने गेल्या काही वर्षांत वाहने आणि सीसीटीव्ही यांची मोठी सोय केली आहे. १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अनेक जिल्ह्यांना याच निधीचा आधार वाटला. पण हा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीतून येतो आणि तो वस्तू विकत घेतो, ती चालवत नाही. समितीने दहा गाड्या दिल्या, की त्यांचे डिझेल, टायर आणि चालक २०५५ मधूनच द्यावे लागतात, आणि तेथे त्यासाठी वाढ झालेली नसते. कॅमेऱ्यांचेही तसेच. मुंबईच्या पहिल्या टप्प्यातील सुमारे ५,००० कॅमेऱ्यांचा ९४९ कोटींचा प्रकल्प २००८ च्या हल्ल्यानंतर अनेक वर्षे रखडून २०१६ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यात देखभालीचा विचार करारातच होता. लहान शहरांत लोकवर्गणीतून किंवा व्यापाऱ्यांच्या देणगीतून बसवलेल्या कॅमेऱ्यांत तो नसतो. देणगीबाबत मी नेहमी सावध राहिलो. ज्याने गाडी दिली, त्याच्याविरुद्ध तक्रार आली तर ती गाडी त्याच्या दारात कशी उभी राहणार, हा प्रश्न पावतीवर लिहिता येत नाही.

प्रशिक्षणाविषयी एकच वाक्य पुरे: देशपातळीवर पोलिसांच्या अंदाजपत्रकातील त्याचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास घुटमळतो, आणि कात्री लागते तेव्हा त्याच्या बाजूने ओरडणारे कोणी नसते.

गुप्त सेवा खर्चाविषयी पुष्कळ कुतूहल असते. खबऱ्यांना द्यायच्या रकमेची पावती घेता येत नाही, म्हणून महालेखापालांकडून तिची नेहमीसारखी तपासणी होत नाही. नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर तो खर्च मान्य होतो. ही रक्कम लोकांना वाटते तेवढी मोठी नसते.

प्रश्नकर्त्यांना आपल्या जिल्ह्याचा हिशेब पाहायचा असल्यास वित्त विभागाच्या संकेतस्थळावरील अर्थसंकल्पीय प्रकाशनांत मागणी बी-१ उघडावी आणि शीर्ष २०५५ मधील ‘जिल्हा पोलीस’ वाचावे. तेथे अर्थसंकल्पीय अंदाजापेक्षा ‘प्रत्यक्ष रकमा’ हा स्तंभ अधिक खरे बोलतो. माहितीचा अधिकार वापरायचा असेल, तर अर्ज ठाण्याच्या नव्हे, अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा आणि मागील तीन आर्थिक वर्षांत कार्यालयीन खर्च, प्रवास खर्च व इंधन या तीन उद्दिष्टांखाली बीम्सवर प्राप्त झालेला निधी, त्याच्या प्राप्तीच्या तारखा, झालेला खर्च आणि ३१ मार्च रोजी प्रलंबित असलेली देयके एवढीच माहिती मागावी. तारखा मागायला विसरू नये. आणि ठाण्याने झेरॉक्स किंवा गाडी मागितल्यास तसे लेखी द्यावे, असे नम्रपणे सांगावे.